सर्किटला टेल नसतं

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ऱ्हिओस्टॅटइतका बिनमानाचा दुसरा जीव नाही. अमीटरची काच फुटली तर बोभाटा प्राचार्यांच्या केबिनपर्यंत जातो. गॅल्व्हानोमीटर कपाटात, फडक्यात गुंडाळून, कुलपात. ऱ्हिओस्टॅट मात्र टेबलाखालच्या फळीवर एकावर एक रचलेले असतात आणि वेळप्रसंगी दार उघडं राहावं म्हणून दाराशीही लावले जातात. कारण उघड आहे. तो काही मोजत नाही. प्रयोगवहीच्या तक्त्यात विभवांतराचा रकाना असतो, विद्युतधारेचा असतो, त्यांच्या गुणोत्तराचा असतो. ऱ्हिओस्टॅटला रकाना नाही, त्यामुळे गुणही नाहीत.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी केली. लागलो तेव्हा हिंगोली अजून आमच्याच जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ला ते वेगळं झालं. शिकवायचं काम प्राध्यापकांचं. साहित्य काढून देणं, जोडणी तपासणं, परत आलेलं पुसून ठेवणं, बिघडलेलं दुरुस्त करणं हे माझं. पोरं पहिल्या वर्षी मला ‘मामा’ म्हणत, फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की ‘सर’ म्हणायला लागत. या नोकरीचा एक फायदा असा की शिकवणाऱ्याला पोराची वही दिसते आणि सहायकाला त्याचा हात. वहीत सगळं बरोबर असतं.

ऱ्हिओस्टॅट म्हणजे चिनी मातीची एक नळी, तिच्यावर शेजारी शेजारी गुंडाळलेली युरेका तार, वर एक पितळी दांडा आणि त्या दांड्यावरून सरकणारा स्लायडर. नळीच्या दोन टोकांना खाली दोन स्क्रू, दांड्याला वर एक किंवा दोन. आमच्याकडचं बहुतेक साहित्य अंबाल्याहून आलेलं असायचं, देशभरातल्या शाळा-कॉलेजांचं येतं तसं. नवा ऱ्हिओस्टॅट हातात आला की मी आधी तारेकडे बघायचो. वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, तारेवर कापड नाही, रंग नाही. मग विद्युतधारा वेढ्यावरून वेढ्यावर उडी मारून सरळ का जात नाही? तार तापवून तिच्यावर ऑक्साइडचा थर आणलेला असतो, तोच तिचं आवरण. स्लायडर जिथून घासत जातो तेवढ्या एका रेषेत तो थर निघतो आणि तार चकचकते. पावसाळ्यात ही रेषा काळवंडली की अमीटरचा काटा उड्या मारायला लागतो. कोरड्या फडक्यानं पुसायचं, फारच झालं तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं, पण त्या रेषेपुरताच. उत्साही परिचर सगळी नळी लखलखीत घासून काढतो आणि मग तो ऱ्हिओस्टॅट कायमचा बाद. दिसायला नवा, आतून वेढ्याला वेढा शॉर्ट.

जोडणीतले घोळ दर वर्षी तेच. पोरगं खालचे दोन्ही स्क्रू जोडतं, स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतं आणि म्हणतं, “मामा, काटा हालंनाच गेलाय.” काटा हलणार कसा? सगळी तार कायमची परिपथात बसलेली, स्लायडर नुसता वरून फिरतोय. दुसरं पोरगं दांड्याचे दोन्ही स्क्रू जोडतं, कारण ते वर असतात आणि हाताला सोपे पडतात. मग रोध जवळपास शून्य, आणि की, म्हणजे परिपथ जोडणारी खुंटी, लावताच काटा पलीकडे आपटतो. एक खालचा, एक वरचा, असं जोडलं की चालतो. तिन्ही वापरले की तोच ऱ्हिओस्टॅट विभवांतर वाटून देणारा होतो, पण ती गोष्ट वेगळी. मी कुणालाही पहिल्यांदा जोडणी दुरुस्त करून दिली नाही. “विद्युतधारा कुठून आत आली आणि कुठून बाहेर गेली, बोट फिरवून दाखव,” एवढंच म्हणायचो. बोट दांड्यावर आलं की निम्म्यांना स्वतःलाच कळायचं.

खरी गंमत वेगळ्याच ठिकाणी सापडली. सहा व्होल्टचा एक छोटा बल्ब, बॅटरी, की आणि ऱ्हिओस्टॅट. बॅटरीच्या धन टोकाकडून निघालं की आधी ऱ्हिओस्टॅट लागतो, मग बल्ब. स्लायडर सरकवला की बल्ब मंद होतो, पुन्हा सरकवला की उजळतो. हे पाहून कुणालाच नवल वाटत नाही. मग मी विचारायचो: आता बल्ब आधी घेतला आणि ऱ्हिओस्टॅट नंतर, बल्बच्या पलीकडे, तर काय होईल? वर्गातले बहुतेक हात एकाच बाजूला जात: बल्बला काही होणार नाही, तो पूर्णच पेटेल. एका वर्षी पाथरीकडच्या एका पोरानं कारणही दिलं. पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यात येतो. आम्ही त्याच्या शेपटाकडचे. तो म्हणाला, “सर, हेडवाल्यानं दार उघडून ठेवलं तर टेलला पाणी येत न्हाई. पण टेलवाल्यानं कायबी केलं तर हेडवाल्याला काय फरक पडतोय? बल्ब हेडला हाय.”

मला ते उत्तर फार आवडलं. चुकीचं होतं, पण अडाणीपणाचं नव्हतं; बापाच्या तोंडून पाण्याच्या पाळीची भांडणं ऐकून आलेलं होतं. मी जोडणी बदलली, की लावली, स्लायडर सरकवला. बल्ब मंद झाला, अगदी आधी झाला होता तेवढाच. मग दोन अमीटर आणले, एक बल्बच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्ही काटे एकाच आकड्यावर, आणि स्लायडर हलवला की दोन्ही बरोबरीनं हलतात. पुढचा मागच्याची वाट पाहत नाही.

पोरं भांडायला लागली, आणि प्रयोगशाळेत पोरं भांडावीत यासारखं सुख नाही. “मग करंट खर्च कुठं होतो?” करंट खर्च होतच नाही, जेवढा निघाला तेवढा परत येतो, खर्च होते ती ऊर्जा, म्हणून बिल युनिटचं येतं, अँपिअरचं येत नाही. “पण पुढं ऱ्हिओस्टॅट हाय हे बल्बला कळतं कसं?” हा प्रश्न एका मुलीनं विचारला होता आणि पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर नाही. आमच्या प्राध्यापकांनी ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर नीट मांडलं. की लावल्या क्षणी तारांच्या पृष्ठभागावर कमीजास्त प्रभार साचतो, त्याचं विद्युतक्षेत्र सगळ्या परिपथात पसरतं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या फार आधी सगळीकडची विद्युतधारा एकमेकांशी जुळते. तांब्याच्या जोडतारेतले इलेक्ट्रॉन स्वतः मात्र सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत. पाणी हेडकडून टेलकडे पोहोचावं लागतं. इथं तर सगळा पाट आधीपासूनच भरलेला असतो आणि त्याचं शेपूट परत डोक्याला जोडलेलं असतं.

हा प्रयोग बोर्डाच्या यादीत नव्हता, पण मी दर वर्षी केला. त्यातून माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट झाली. ऱ्हिओस्टॅट विद्युतधारा ‘नियंत्रित’ करतो असं आपण लिहितो खरं, पण तो एकटा काही करत नाही. विद्युतधारा किती हे सगळं सर्किट मिळून ठरवतं. ऱ्हिओस्टॅट त्यातला एक भागीदार, आणि त्याचं किती चालणार ते बाकीच्या भागीदारांवर.

याचा पुरावा म्हणजे आमच्याकडचा एक लांबलचक, तीनशे ओहमचा ऱ्हिओस्टॅट. दिसायला भारदस्त, म्हणून हुशार पोरं तोच उचलायची. दहा ओहमचं कॉइल, सहा व्होल्टचा एलिमिनेटर आणि हा तीनशे ओहमचा. स्लायडर पूर्ण रोधाकडे असताना विद्युतधारा जेमतेम ०.०२ अँपिअर. निम्म्यावर आणला तरी ०.०४. तीन चतुर्थांश नळी संपवली, पंचाहत्तर ओहम उरले, तरी ०.०७च. आणि उरलेल्या चतकोर नळीत तो थेट ०.६ अँपिअरपर्यंत उसळतो. म्हणजे हात बराच वेळ फिरतोय आणि काही घडत नाही, आणि मग शेवटच्या बोटभर अंतरात सगळंच घडतं. पोरं म्हणायची, ऱ्हिओस्टॅट खराब आहे. तो खराब नव्हता, त्याची जोडी चुकली होती. त्याच कॉइलशी वीस ओहमचा लावला की ०.२पासून ०.६पर्यंत काटा सगळ्या नळीभर अंग मोडून चालतो आणि आलेखाला पाच-सहा चांगले बिंदू मिळतात. जो रोध सांभाळायचा त्याच्या दुप्पट-तिप्पट ऱ्हिओस्टॅट घ्या, हा माझा ठोकताळा. पुस्तकात नाही, पण कधी दगा दिला नाही.

जळालेले ऱ्हिओस्टॅट पाहूनही काही शिकायला मिळतं. तार कुठं जळते? अनोळखी माणूस म्हणेल मधे, किंवा जास्त रोध असतो तिकडे. तसं होत नाही. काळा डाग नेहमी शून्याच्या टोकाला, शेवटच्या काही वेढ्यांवर. नळीवर ‘१ अँपिअर’ असं छापलेलं असतं ते तारेसाठी. तुम्ही दोनशे वेढे वापरा की दोन, तारेला तेवढंच सोसतं. स्लायडर शून्याकडे नेला की वेढे उरतात दोन-चार आणि विद्युतधारा होते सर्वांत जास्त. सगळा मार त्या दोन-चारांवर. म्हणून आधी स्लायडर पूर्ण रोधाकडे, मगच की. हे वाक्य मी एवढ्या वेळा बोललो आहे की जुने विद्यार्थी बाजारात भेटले की नमस्काराऐवजी तेच म्हणतात.

दोन हजार पाचच्या पुढची काही वर्षं भारनियमनाची होती. दिवसाचे कितीतरी तास वीज नाही, आणि जेव्हा असेल तेव्हा तिचा भरवसा नाही. एलिमिनेटर हे शेवटी भिंतीतल्या विजेवर चालणारं साधन. गावचं व्होल्टेज हललं की आमचे साधे एलिमिनेटरही हलायचे. पोरगं एक वाचन लिहून दुसरं घेईपर्यंत पहिलं बदललेलं. तेव्हा एक बारा व्होल्टची ट्रॅक्टरची बॅटरी आणली. तिच्यावर वाचनं अशी स्थिर यायला लागली की प्राध्यापकांनाच शंका आली, पोरांनी गणित करून आकडे भरले की काय.

या निमित्तानं मला ओहमबद्दल जिव्हाळा वाटायला लागला. जॉर्ज सायमन ओहम जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवायचा. शाळेची प्रयोगशाळा बरी होती, तिच्यात त्यानं हे प्रयोग केले. त्याचीही सुरुवातीची अडचण तीच. त्या काळच्या रासायनिक सेलची विद्युतधारा बघता बघता उतरायची. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सुचवणीवरून त्यानं बिस्मथ आणि तांब्याचं उष्मायुग्म घेतलं, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात, आणि त्याला स्थिर विभवांतर मिळालं. १८२७ साली त्याचं पुस्तक आलं. पुढं १८४३मध्ये व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं ऱ्हिओस्टॅटचं वर्णन रॉयल सोसायटीपुढं ठेवलं. त्याच्या एका यंत्रात दोन रूळ होते, एक लाकडी, एक पितळी. तार एकावरून दुसऱ्यावर गुंडाळत न्यायची. लाकडावर जेवढी असेल तेवढीच परिपथात मोजायची, पितळेवरची शॉर्ट. आमच्या नळीपेक्षा मला तो रूळ जास्त समजावणारा वाटतो. करून पाहण्यासारखा आहे; लाटण्यावर तार गुंडाळून मी थोडाफार पाहिलाही.

पुन्हा आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीकडे येतो. वाचनं स्थिर, पण तिचा धोका वेगळा. कोरडा सेल शॉर्ट झाला तर त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध त्याला आवरतो. थोडा तापतो, लवकर मरतो. शिशाच्या बॅटरीत तो रोध नसल्यातच जमा. एकदा एका पोरानं रोध न ठेवता की लावली आणि जोडतारेचं प्लास्टिक वितळून टेबलाला चिकटलं. त्या टेबलावरची खूण मी मुद्दाम घासली नाही. पुढच्या प्रत्येक बॅचला तीच दाखवायचो, बोलायचं काम वाचलं.

त्याच काळात एका पोरानं तो प्रश्न विचारला ज्यानं मला प्रयोगशाळेबाहेर काढलं. सेलू तालुक्यातलं पोरगं, घरी विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार. ओहमच्या नियमाचा आलेख काढून झाला होता, सरळ रेष, मूळबिंदूतून जाणारी. पोरगं रेषेकडे बघत म्हणालं, “सर, व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो ना? मग आमची मोटार व्होल्टेज कमी असल्यावरच का जळती?”

रात्रीच्या पाळीची वीज, एका डीपीवर सोसण्यापेक्षा जास्त मोटारी, चारशेच्या जागी साडेतीनशेच्याही खाली आलेलं व्होल्टेज, आणि सकाळी खांद्यावर मोटार घेऊन तालुक्याला निघालेला माणूस. हे आमच्याकडे सर्वांनी पाहिलेलं. आणि इथं आलेख सांगतोय की व्होल्टेज कमी तर करंट कमी, करंट कमी तर उष्णता त्याहून कमी. मोटार तर गार राहायला हवी. मी त्या पोराला घेऊन बसस्टँडजवळच्या एका मोटार रिवायंडिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार सातवी शिकलेला. आम्ही त्याला ‘मिस्तरी’ म्हणायचो, तो मला ‘गुरुजी’. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमचा बल्ब कामचुकार हाय. कमी द्या, कमी उजेड देतो. मोटार तशी न्हाई. तिच्या बोडक्यावर पाणी हाय. ते तिला वर नेऊन टाकावंच लागतं.”

त्यानं क्लॅम्प मीटर काढला. फिरत्या मोटारीच्या एका फेजच्या वायरभोवती लावून आधी आकडा दाखवला. मग पट्टा दाबून मोटारीला जरा अडवलं. आकडा चढला. अजून अडवलं, अजून चढला. मोटार हळू झाली की ती जास्त ओढते. मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र फिरत असतं आणि रोटर त्याच्या मागं धावतो; रोटरचा वेग पडला की दोघांतला फरक वाढतो आणि रोटरमध्ये जास्त विद्युतधारा उठते. व्होल्टेज उतरलं की मोटारीचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, पण पाणी तेवढंच उचलायचं असतं. मग ती मागं पडते, जास्त विद्युतधारा घेते, आणि वायंडिंगवरचं वार्निश करपतं. ओहम खोटा पडत नाही. मोटार म्हणजे नुसता रोध नाही, एवढंच. पण पाठ्यपुस्तकातल्या सरळ रेषेनं त्या पोराच्या घरचा अनुभव खोटा ठरवला होता, आणि ते निमूटपणे वहीत उतरवून घेण्याऐवजी त्यानं विचारलं. त्यानंतर मी आलेख झाल्यावर बल्बची वाचनंही घ्यायला लावायचो. बल्बची रेष वाकते, कारण तापला की तारेचा रोध वाढतो. निदान सगळ्या रेषा सरळ नसतात हे डोळ्यानं दिसावं.

मिस्तरीमुळे मानवतच्या बाजूला एक जुनी जिनिंग बघायला मिळाली. कापसाचा आमचा मुलूख. त्या कारखान्यांत पूर्वी स्लिप रिंगच्या मोठ्या मोटारी असत आणि त्या चालू करायला तेलाच्या पेटीत बसवलेला रोध. हँडल एका टोकाला आणून, सगळा रोध रोटरमध्ये घालून मोटार सुरू करायची आणि वेग येईल तसं घरघर करत हँडल पुढं न्यायचं, शेवटी रोध पूर्ण काढून टाकायचा. माझ्या प्रयोगशाळेतलाच नियम, पण एक फरक: इथं रोध घातल्यानं विद्युतधारा आवरली तरी सुरुवातीचा ओढा उलट वाढतो. हे मला कितीतरी दिवस पचलं नाही.

रोधानं आवरलेली वीज जाते कुठं, हाही प्रश्न पोरांनीच उभा केला. नळी तापते, एवढंच उत्तर. ज्या वेळी ऱ्हिओस्टॅटचा रोध आणि बल्बचा रोध सारखा होतो, त्या वेळी जेवढी ऊर्जा बल्बमध्ये, तेवढीच नळीच्या उष्णतेत. म्हणजे ही आवर घालण्याची रीत मुळातच उधळी. जुन्या पंख्याचे लोखंडी डब्यासारखे रेग्युलेटर आठवा: एक नंबरवर पंखा हळू, आणि डबा हात लावू देत नाही इतका गरम. मुंबईची विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला धावली ती पंधराशे व्होल्टच्या डीसी विजेवर. त्या जुन्या गाड्या दर स्टेशनवरून सुटताना आधी रोध घालून आणि मग टप्प्याटप्प्यानं काढून वेग घेत. दर वेळी थोडी वीज नुसती तापण्यात. डीसीवरच्या लोकल २०१६मध्ये संपल्या. पंख्याचे आताचे बरेचसे रेग्युलेटर वीज अडवत नाहीत, सेकंदात कितीदा तरी बंद-चालू करतात, त्यामुळे गरम होत नाहीत. परभणीच्या उन्हात, पारा चाळीस-बेचाळीसला असताना, घरात कुठलीही पेटी विनाकारण तापू नये हे कुणालाही पटेल.

परीक्षेचं थोडं बोललं पाहिजे. बारावीला भौतिकशास्त्राचे तीस गुण प्रात्यक्षिकाचे, आणि ते कसे पडतात हे सर्वांना माहीत आहे, म्हणून कुणी बोलत नाही. गेल्या काही वर्षांत पोरं नांदेड-लातूरच्या क्लासला असतात, नाव आमच्याकडे. जानेवारीत येतात, वह्या उतरवून घेतात. मीटर ब्रिजवर ऱ्हिओस्टॅट का लावतात, याचे चार पर्याय दिले तर बरोबर खूण करतील: तार तापू नये म्हणून विद्युतधारा कमी ठेवायला. तोच ऱ्हिओस्टॅट हातात दिला तर तिन्ही स्क्रूंकडे बघत राहतील. पोरांना दोष नाही. २०२१ साली तर बारावीची परीक्षाच रद्द झाली. त्या बॅचमधली काही पोरं पुढं इंजिनिअरिंगला गेली आणि सुट्टीत येऊन म्हणाली, मामा, एकदा की लावू द्या. मी लावू दिली. स्लायडर कुठं आहे ते बघायला लावून.

शाळांसाठी मी एक स्वस्तातला ऱ्हिओस्टॅट करून द्यायचो, कारण खेड्यातल्या शाळेत कपाट असतं आणि कपाटात गांडुळाची बाटली असते, बाकी काही नसतं. हजार वॉटच्या हीटरची कॉइल किराणा-इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळते. २३० व्होल्टला हजार वॉट म्हणजे तापलेल्या कॉइलचा रोध बावन्न-त्रेपन्न ओहम, गार असताना जरा कमी. ती फळीवर दोन खिळ्यांमधे ताणायची, पण वेढे चिकटू द्यायचे नाहीत, कारण इथं ऑक्साइडचा भरवसा नाही. एका खिळ्याला एक तार, दुसरी तार क्रोकोडाइल क्लिपला. क्लिप सरकवत न्या. दोन-तीन टॉर्चचे सेल आणि एक टॉर्चचा बल्ब पुरतो. फक्त भिंतीतल्या विजेला लावायचं नाही, हे मी फळीवरच लाल रंगानं लिहून द्यायचो, कारण कॉइल दिसली की कुणाला तरी चहा ठेवावासा वाटतोच.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एका पोरानं विचारलं, “हे आता कुठं वापरतात का नुसतं परीक्षेतच?” मी म्हटलं, तुझ्या मोटारसायकलच्या टाकीत आहे. विश्वास बसला नाही. त्याच्या भावाचं गॅरेज, तिथून तो जुन्या गाडीचा पेट्रोलचा फ्लोट घेऊन आला. तरंगणारा गोळा, त्याला काडी, काडीच्या टोकाला रोधाच्या पट्टीवर घासणारं पातं. आम्ही त्याला मल्टिमीटर लावला. काडी वरखाली करत रोध दहाएक ओहमपासून शंभराच्या आसपास गेला. मग त्यानं कोनमापक घेऊन कोन आणि रोध यांचा आलेख काढला. कुणी सांगितलं नव्हतं. रेष बरीच सरळ आली. त्यावर तो अडून बसला: रोध सरळ बदलतो, तर गाडीचा काटा निम्म्यापर्यंत इतका सावकाश आणि निम्म्याखाली इतका भराभर का उतरतो? मी म्हणालो टाकीचा आकार, खाली निमुळती. तो म्हणाला, नाही, तुमच्या तीनशे ओहमच्या ऱ्हिओस्टॅटसारखं असणार, काट्याच्या मीटरचा रोध आणि याचा रोध जुळत नसणार. दोन्ही खरं असू शकतं. ते तपासायला टाकीत मापानं पेट्रोल ओतावं लागेल, आणि त्याचा भाऊ त्याला तयार नव्हता.